साखर सोडली, पण संध्याकाळी साडेपाचचं काय?

आहाराविषयीच्या वाचकांच्या पत्रांत या वेळी साखरेचीच पत्रं जास्त आहेत. त्यातली पाच निवडली आहेत.

प्रश्न : घरात आम्ही चौघं. चहातली साखर एका दिवसात बंद केली. तिसऱ्या दिवसापर्यंत डोकं ठणकत होतं, चहा कडूजहर लागत होता. पाचव्या दिवशी पुन्हा साखर सुरू. माझीच चिकाटी कमी पडते का?
— एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : चिकाटीचं नंतर पाहू, आधी वाणसामानाची यादी काढा. महिन्याला पाच किलो साखर येत असेल तर ५,००० ग्रॅम भागिले चार माणसं भागिले ३० दिवस, म्हणजे माणशी रोज जवळजवळ ४२ ग्रॅम. यात बिस्किटं, सॉस, गूळ आणि बाहेरची मिठाई धरलेलीच नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये दिलेली मर्यादा अशी : वरून घातलेली साखर, गूळ, मध आणि फळांचे रस मिळून दिवसाच्या कॅलरींच्या १० टक्क्यांच्या आत. २,००० कॅलरींच्या आहारात हे ५० ग्रॅम होतात. २५ ग्रॅमपर्यंत उतरता आलं तर उत्तमच. तुम्हाला शून्यावर यायचं नाहीये, हे एकदा लक्षात आलं की निम्मी धास्ती जाते.

आता डोकेदुखी. साखरेबरोबर चहाचे कपही कमी केलेत का? रोजच्या पाच-सहा कपांवरून एकदम दोनावर आलं की कॅफिन तुटतं. त्याची डोकेदुखी साधारण १२ ते २४ तासांत सुरू होते आणि आठवडाभरात जाते. दोष साखरेला मिळतो. म्हणून कपांची संख्या तीच ठेवा, आधी फक्त साखर उतरवा.

चहा कडू का लागतो? आपल्याकडे साखर आधणातच पडते, त्यामुळे आपल्या वाटणीला किती आली हे कुणालाच ठाऊक नसतं. शिवाय पावडर खळखळून उकळली की तुरटपणा उतरतो आणि साखर तो झाकत असते. साखर काढली की तो उघडा पडतो. दोन कपांसाठी सवा कप पाणी आणि पाऊण कप दूध घ्या. पाण्यात आलं किंवा गवती चहा उकळा, मग पावडर नेहमीपेक्षा पाव चमचा कमी टाका. दीड मिनिटं उकळू द्या, गरम दूध घाला, गॅस बंद करून तीन मिनिटं झाकून ठेवा. साखर कपात घाला, सपाट चमच्याने. सपाट चमचा चार-पाच ग्रॅमचा असतो, शीग लावलेला जवळजवळ दुप्पट. दर आठवड्याला पाव चमचा कमी करा. दोन चमच्यांची सवय सुटायला आठ आठवडे लागतील आणि तोवर जीभही बदलेल. मग शेजारच्या घरचा चहा पाकासारखा लागतो.

प्रश्न : महापेला नोकरी. दिवसभर ठीक असतं, पण साडेपाचला ऑफिसात गोड खायची अशी तलफ येते की हात ड्रॉवरमधल्या क्रीम बिस्किटांकडे जातोच. तेवढं आवरलं तर ठाणे स्टेशनला उतरल्यावर मिठाईचं दुकान सोडवत नाही.
— एक वाचक, घोडबंदर रोड, ठाणे

उत्तर : पत्रात तुम्ही जेवणाचा डबा साडेबाराला उघडता असं लिहिलंय. दोन पोळ्या, बटाट्याची भाजी, थोडा भात, बस. डाळ नाही, उसळ नाही, दही नाही. साडेपाच म्हणजे पाच तास झाले. याला तलफ म्हणू नका, ही साधी भूक आहे. फक्त ती गोडाच्या वाटेने येते, कारण ड्रॉवरमध्ये तेच आहे. पोटात काही नसताना मनाला आवरणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

तेव्हा दुरुस्ती साडेपाचला करू नका, साडेबाराला करा. डब्यात वाटीभर मटकीची उसळ किंवा घट्ट वरण आणि सोबत दही. सकाळी पोहे असतील तर मूठभर मटार-शेंगदाणे घाला, नुसत्या पोह्यांवर अकरालाच पोट रिकामं होतं. मग साडेचार-पाचला, म्हणजे तलफेच्या आधी, ३० ग्रॅम फुटाणे (एक मूठ) आणि ग्लासभर ताक किंवा एक पेरू. ड्रॉवरमधली बिस्किटं घरी नेऊ नका, वाटून टाका. बहुतेक गोड बिस्किटांत १०० ग्रॅममागे २० ग्रॅम किंवा त्याहून जास्त साखर असते, मारीही त्यात आलं.

एक गोष्ट हमखास नजरेतून सुटते : चहाचं मशीन. पुष्कळ ऑफिसांतल्या प्रीमिक्समध्ये दुधाच्या पावडरीबरोबर साखर आधीच मिसळलेली असते. तुम्ही 'वरून साखर घेत नाही' म्हणता आणि चार कप गोड चहा पिता. पाणी इथेच मुरतं. प्रीमिक्सच्या पाकिटावर घटक बघा, ते वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. साखर पहिल्या दोनांत असेल तर टी-बॅग आणि गरम पाणी घ्या. 'लिक्विड ग्लुकोज', 'डेक्स्ट्रोज', 'इन्व्हर्ट सिरप' ही साखरेचीच दुसरी नावं.

एवढं करूनही तलफ आलीच तर घड्याळ लावून पंधरा-वीस मिनिटं जाऊ द्या, बहुधा ओसरते. घणसोलीला गाडी पकडून ठाण्याला उतरेपर्यंत तेवढा वेळ जातोच. मात्र आदल्या रात्री पाचच तास झोप झाली असेल तर दुसऱ्या दिवशी गोड जास्त खावंसं वाटतं. त्या दिवशी फुटाण्यांची पुडी मोठी ठेवा.

प्रश्न : साखरेऐवजी गूळ, मध किंवा शुगर-फ्री गोळ्या वापरल्या तर चालेल ना?
— एक वाचक, नेरूळ

उत्तर : गुळाचा बहुतांश भाग साखरच आहे. लोह वगैरे असतं, पण एक-दोन चमच्यांतून मिळतं ते नगण्य. मधाचंही तेच. साखर बंद करून चहात दोन चमचे गूळ घालणं म्हणजे आगीतून फुफाट्यात. खजुरात चोथा असतो म्हणून तो बरा, पण मोजून दोन, तेही मिठाईच्या जागी, मिठाईनंतर नाही. गोळ्यांबद्दल : वजन उतरवण्यासाठी कृत्रिम गोडवा वापरू नये, असं जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२३ मध्ये सांगितलं आहे. ज्यांना आधीपासून मधुमेह आहे त्यांना ती सूचना लागू नाही. आमचा आक्षेप साधा आहे : जीभ तेवढीच गोड मागत राहते.

प्रश्न : सासूबाई आमटीत गूळ आणि पोह्यांत साखर घालतातच. रोज वाद होतो.
— एक वाचक, कळवा

उत्तर : वाद सोडा. चौघांच्या आमटीत दहा ग्रॅमचा खडा पडला तरी माणशी अडीच ग्रॅम, अर्धा चमचा. चिंचेच्या आंबटपणाला तो लागतोच. फारच वाटलं तर चिंच निम्मी करा, गूळ आपोआप कमी लागेल. खरं लक्ष ठेवायचं ते श्रीखंडावर. चक्क्याच्या जवळजवळ बरोबरीने साखर पडते, म्हणजे १०० ग्रॅमच्या वाटीत ४५ ग्रॅमच्या आसपास. अठरा जणांच्या आमटीचा गूळ एका वाटीत! सासूबाईंना आमटी करू द्या, श्रीखंडाची वाटी तुम्ही लहान घ्या.

प्रश्न : वडील ६८ वर्षांचे, इन्सुलिन आणि गोळ्या चालू. त्यांनी गोड पूर्ण बंद केलं आणि परवा संध्याकाळी थरथर, घाम, धडधड. आता काय करावं?
— एक वाचक, वाशी

उत्तर : आधी डॉक्टरांना भेटा. खाणं बदललं आणि औषधाचा डोस तोच राहिला तर साखर खाली जाऊ शकते. तोपर्यंत : अशी लक्षणं दिसली की ग्लुकोमीटरवर तपासा. ७० च्या खाली असेल किंवा मीटर हाताशी नसेल, तर अर्धा ग्लास पाण्यात तीन सपाट चमचे साखर विरघळवून द्या. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा, वाढली नसेल तर पुन्हा तेवढीच. सावरल्यावर पोळी किंवा भात द्या. चॉकलेट देऊ नका, त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर उशिरा वर चढते. गोळ्यांच्या पट्टीवर व्होग्लिबोज किंवा अकारबोज असं लिहिलं असेल तर घरातली साखर लवकर काम करणार नाही, कारण ती फोडणारी प्रक्रियाच या गोळ्या मंद करतात. त्यांच्यासाठी ग्लुकोज पावडर खिशात हवी. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, १०८ ला फोन करा.