कल्पित प्राण्याला डायनासोरचे माप

प्रश्न : मी एक अद्भुतरम्य कादंबरी लिहीत आहे. तिच्यातील ड्रॅगन साठ फूट लांब आहे, असे मी स्पष्ट लिहिले असूनही हस्तलिखित वाचणाऱ्यांपैकी कुणाला तो घोड्याएवढा वाटतो, तर कुणाला डोंगराएवढा. संग्रहालयातील डायनासोरच्या प्रतिकृती पाहून अशा प्राण्याच्या आकारमानाचा नेमका अंदाज बांधता येईल का?

उत्तर : निश्चितच येईल, मात्र संग्रहालयात गेल्यावर माहितीफलकावरील लांबीचा आकडा सर्वात शेवटी वाचावा. आपली अडचण मुळात त्या आकड्यातूनच निर्माण झाली आहे. डायनासोरची लांबी नाकाच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत मोजली जाते आणि तिचा मोठा भाग निव्वळ शेपटीचा असतो. व्हेलोसिरॅप्टर सुमारे २ मीटर लांब होता असे वाचले, की माणसापेक्षा मोठा प्राणी डोळ्यांपुढे येतो. प्रत्यक्षात त्याची कंबर जमिनीपासून जेमतेम अर्धा मीटर, म्हणजे आपल्या गुडघ्याच्या आसपास होती.

म्हणून प्रतिकृतीजवळ उभे राहून आपल्या शरीराशी तिची तुलना करावी. शिकागोच्या फील्ड म्युझियममधील ‘स्यू’ या टायरॅनोसॉरसच्या सांगाड्याची लांबी १२.३ मीटर आहे, पण तिच्या कंबरेची उंची सुमारे ४ मीटर आहे, म्हणजे उंच माणसाने हात वर केला तरी तो तिथवर पोहोचत नाही, ही गोष्ट लेखकाच्या अधिक उपयोगाची आहे. तिची मूळ कवटी उभ्या सांगाड्यावर चढवता येणार नाही इतकी जड असल्यामुळे वेगळ्या पेटीत ठेवलेली आहे. सुमारे दीड मीटर लांबीच्या त्या जबड्यासमोर उभे राहिल्यावर जे वाटते, तेच आपल्या नायकाला वाटायला हवे.

आता आपला ड्रॅगन पाहू. साठ फूट म्हणजे सुमारे १८ मीटर, अर्थात स्यूच्या जवळपास दीडपट. त्याची ठेवण टायरॅनोसॉरससारखी मानली, तर कंबर ६ मीटरवर, म्हणजे दुमजली घराच्या छपराशी येईल. वजन मात्र दीडपट होणार नाही. लांबी, रुंदी आणि उंची या तिन्ही दिशांनी प्राणी दीडपट झाला, की त्याचे घनफळ आणि त्याबरोबर वजन सुमारे ३.४ पट होते. स्यूचे वजन ८ टन धरले, तर आपला ड्रॅगन २७ टनांचा, म्हणजे चार-पाच थोराड आफ्रिकी हत्तींएवढा भरतो. हाडांची ताकद त्यांच्या छेदाच्या क्षेत्रफळावर ठरत असल्यामुळे ती केवळ सव्वादोन पटच वाढते. प्राणी मोठा झाला की त्याची हाडे प्रमाणाबाहेर जाड व्हावी लागतात, हे गॅलिलिओने १६३८ च्या ग्रंथात आकृती काढून दाखवले होते. तेव्हा चित्रकाराला ड्रॅगनचे पाय स्यूच्या पायांपेक्षा जाडजूड काढायला सांगावे.

सडपातळ, सर्पाकृती ड्रॅगन हवा असेल, तर तुलनेसाठी दुसराच सांगाडा निवडावा लागेल. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये १९०५ साली आलेली डिप्लोडोकसची प्रतिकृती २६ मीटर लांब आहे. बर्लिनच्या संग्रहालयातील जिराफॅटायटन लांबीला तिच्याहून कमी, परंतु १३.२७ मीटर उंच आणि जिवंतपणी कितीतरी अधिक वजनदार. दोघांजवळून चालत गेल्यावर पहिल्याजवळ तो संपता संपत नाही असे वाटते, तर दुसऱ्याजवळ मान मागे टाकावी लागते. आपल्या ड्रॅगनने या दोहोंपैकी कोणती भावना निर्माण करावी, हे आधी ठरवावे आणि मगच फूट-इंच लिहावेत. न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीत २०१६ पासून असलेली टायटनोसॉरची ३७ मीटर लांबीची प्रतिकृती दालनात मावत नाही, म्हणून तिची मान आणि डोके दाराबाहेर काढलेले आहे. माझ्या मते आकाराचे याहून चांगले वर्णन कोणत्याही आकड्याने होणार नाही.

पंखांविषयी थोडे कटू सांगावे लागते. क्वेट्झालकोॲटलस या आजवर ज्ञात असलेल्या सर्वात मोठ्या उडणाऱ्या प्राण्यांपैकी एकाचा पंखविस्तार १० ते ११ मीटर आणि वजन २०० ते २५० किलो मानले जाते. पंखांच्या प्रत्येक चौरस मीटरवर तेवढाच भार ठेवायचा म्हटले, तर २७ टनांच्या ड्रॅगनला शंभर मीटरहून अधिक पंखविस्तार लागेल, म्हणजे फुटबॉलचे मैदान आडवे पसरल्यासारखे. जादूच्या जगात लेखकाने हा हिशेब खुशाल मोडावा, परंतु किती मोडत आहोत हे त्याला ठाऊक असावे.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. सांगाडा हा प्राणी नव्हे. २०१८ मध्ये स्यूच्या पोटाकडील फासळ्या प्रथमच सांगाड्याला जोडल्या गेल्या आणि लांबीत काहीच फरक न पडता ती पूर्वीपेक्षा बरीच पोटाळ दिसू लागली.

प्रश्न : आमच्याजवळ असे संग्रहालय नाही. खेळण्यातल्या प्लॅस्टिकच्या डायनासोरवर काम भागेल का?

उत्तर : उत्तम भागेल, आणि त्यात संकोच वाटण्याचे कारण नाही. ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ मॅकनील अलेक्झांडर यांनी १९८० च्या दशकात संग्रहालयाने विकायला ठेवलेल्या अशाच प्लॅस्टिकच्या प्रतिकृतींच्या घनफळावरून डायनासोरांची वजने काढली होती. खेळणे चाळीसास एक या प्रमाणाचे असेल, तर पाण्यात बुडवून त्याने बाजूला सारलेल्या पाण्याला ४० चा घन, म्हणजे ६४,००० ने गुणावे. सव्वाशे मिलिलिटर पाणी सरले, तर मूळ प्राण्याचे घनफळ ८,००० लिटर येते, आणि शरीराची घनता पाण्याएवढी धरली की वजन ८ टन. खेळणे आतून पोकळ असल्यास त्याची छिद्रे आधी बुजवावीत. शेपूट जमिनीवर टेकवून ताठ उभे राहिलेले जुन्या पद्धतीचे टायरॅनोसॉरस टाळावेत. त्या चुकीच्या पवित्र्यामुळे प्राणी उगाच उंच भासतो.

मग पुठ्ठ्याचा सव्वाचार सेंटिमीटर उंचीचा माणूस कापून खेळण्याशेजारी उभा करावा आणि डोळा त्या माणसाच्या डोक्याच्या पातळीवर आणून पाहावे. त्याच प्रमाणात मातीचा ड्रॅगन घडवून तोही पाण्यात बुडवून पाहता येईल. साठ फुटी ड्रॅगन या मापाने ४५ सेंटिमीटरचा होतो, तेव्हा बादली मोठी घ्यावी.