निवडीपासून ऑगस्टपर्यंत

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद. कमी उत्पन्नाच्या घरातल्या हायस्कूलच्या मुलांना कॉलेजपर्यंत पोचवणाऱ्या अमेरिकी सरकारी कार्यक्रमाची, अपवर्ड बाउंडची, डायरेक्टर झालीस, फार बरं वाटलं. तुझ्या मेलमध्ये तीन प्रश्न होते: गणिताचा अभ्यासक्रम कसा आखू, समरला शिकवायला कोणाला घेऊ आणि एसएटी या कॉलेज प्रवेशपरीक्षेची तयारी कितवीपासून सुरू करू. तिन्हींची उत्तरं तुझ्या ॲकॅडमिक कोऑर्डिनेटरला तुझ्या-माझ्याहून चांगली ठाऊक असतील. प्रीकॅल्क्युलसपर्यंतचं गणित, प्रयोगशाळेसह विज्ञान, परकीय भाषा, निबंधलेखन आणि साहित्य एवढं शिकवायचं, हे तर कायद्यानेच ठरवून दिलंय. त्यात डोकं घालू नकोस असं नाही. पण डायरेक्टरची खरी परीक्षा त्याच्या आधी आणि नंतर असते, मुलं निवडताना आणि बारावी संपल्यावर.

निवडीचं आधी सांगते, कारण तिथे चुकलीस तर पुढची पाच वर्षं आकडे छान दिसतील आणि काम मात्र झालेलं नसेल.

नियम तू वाचले असशीलच. किमान दोन तृतीयांश मुलं दोन्ही अटींत बसणारी हवीत, म्हणजे घरचं उत्पन्न कमी आणि आईवडिलांपैकी कोणाचीही बॅचलर्स डिग्री नाही. उरलेल्यांत एक अट पुरते, किंवा मूल अभ्यासात फार मागे पडण्याच्या बेतात असलं तरी घेता येतं. उत्पन्नाची मर्यादा फेडरल दारिद्र्यरेषेच्या १५० टक्के आहे, आणि ती एकूण पगारावर नाही, करपात्र उत्पन्नावर मोजतात. हे घरोघरी सांगावं लागतं. पगाराचा आकडा बघून पुष्कळ लोक ‘आपण बसत नाही’ म्हणून अर्ज भरतच नाहीत.

आता शाळा तुझ्याकडे कोणाला पाठवेल? पहिल्या बाकावरच्यांना. शिक्षकांनाही आपण शिफारस केलेलं मूल चमकावं असं वाटतं, त्यात त्यांचं काही चुकत नाही. ही मुलं वेळेवर येतात, फॉर्म भरतात, कॉलेजात जातात, आणि तुझा वार्षिक अहवाल झकास होतो. पण त्यातली बरीचशी तुझ्याशिवायही गेली असती. ही आयत्या पिठावर रेघोट्या ओढायची सोय फार मोहात पाडते, कारण वॉशिंग्टनला आकडेच पाठवायचे असतात.

मी हे वाऱ्यावर बोलत नाहीये. मॅथमॅटिका या संस्थेने शिक्षण खात्यासाठी अपवर्ड बाउंडचा एक मोठा अभ्यास केला होता. १९९०च्या दशकात अर्जदारांतून चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवड करून मुलांचे दोन गट पाडले, एकाला कार्यक्रम मिळाला, दुसऱ्याला नाही, आणि मग वर्षानुवर्षं त्यांचा मागोवा घेतला. २००९ साली शेवटचा अहवाल आला. एकंदरीत पाहता कॉलेज प्रवेशावर ठळक परिणाम दिसला नाही. अभ्यासाच्या पद्धतीवर बरीच वादावादी झाली, आणि दुसऱ्या गटातल्या अनेक मुलांना दुसरीकडून मदत मिळाली होती हेही खरं. पण त्याच अभ्यासात एक गट वेगळा उठून दिसतो. ज्या मुलांनी सुरुवातीलाच ‘आपण काही चार वर्षांची डिग्री घेणार नाही’ असं सांगितलं होतं, त्यांच्यात परिणाम चांगलाच होता.

म्हणून काऊन्सेलरकडे हुशार मुलांची यादी मागू नकोस. प्रश्न बदलून विचार. कोणाचे मार्क बी-सीच्या मध्ये लटकतात, पण वर्गात प्रश्न बरे विचारतो? धाकट्या भावंडांना सोडून यायला लागतं म्हणून कोणाला पहिल्या तासाला उशीर होतो? आणि काऊन्सेलरवरच विसंबू नकोस. त्यांच्या संघटनेची शिफारस दर काऊन्सेलरमागे २५० मुलांची आहे, देशाची सरासरी साडेतीनशेच्या वर जाते. त्यांना प्रत्येक मूल माहीत असणं शक्यच नाही. शाळेच्या ऑफिसातली सेक्रेटरी, लंचरूममधले लोक, बसचा ड्रायव्हर यांना जास्त माहीत असतं. शिवाय पुढे मुलांचे ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे गुणांचे दाखले, वेळेवर मिळायचे असतील तर त्या सेक्रेटरीशी आत्तापासूनच गोडीत राहा.

मुलाखतीत ‘तुला कॉलेजला का जायचंय’ हा प्रश्न मला निरुपयोगी वाटतो. ज्याच्या घरात त्याचं तयार उत्तर असतं, तोच ते देतो.

आता दुसरं टोक, कागदपत्रं. आपल्यापैकी बहुतेकांना हे काम कारकुनी वाटतं आणि म्हणून ते हाताखालच्यांवर सोपवलं जातं. तू सोपवू नकोस, निदान पहिली दोन वर्षं तरी.

२००८ च्या सुमारास ओहायो आणि नॉर्थ कॅरोलायनात एक प्रयोग झाला. एच अँड आर ब्लॉकच्या ऑफिसात टॅक्स भरायला आलेल्या कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना तिथल्या तिथे फॅफ्सा, म्हणजे कॉलेजसाठीच्या सरकारी आर्थिक मदतीचा अर्ज, भरून दिला. टॅक्सची माहिती समोर होतीच, त्यामुळे दहा मिनिटांत काम व्हायचं. दुसऱ्या एका गटाला नुसतं सांगितलं की तुम्हाला इतकी मदत मिळू शकेल, फॉर्म तुमचा तुम्ही भरा. ज्यांना फॉर्म भरून दिला, त्या घरातली हायस्कूलची मुलं कॉलेजची दोन वर्षं पुरी करण्याचं प्रमाण २८ टक्क्यांवरून ३६ टक्क्यांवर गेलं. नुसत्या माहितीचा परिणाम शून्य.

हा शून्य तू लक्षात ठेवावास असं मला फार वाटतं. आपला सगळा जीव माहिती देण्यात जातो. सेमिनार, स्लाइड, रंगीत पत्रकं. सुस्थितीतल्या घरात मूल जे फॉर्म कधी बघतही नाही, ते आईवडील रात्री जेवणं झाल्यावर भरून टाकतात. तुझा कार्यक्रम म्हणजे ते रात्रीचं काम उघडपणे, पगारी माणसांकडून करून घेणं. बाकी सगळी त्याची सजावट.

फॅफ्साच्या संध्याकाळी काय काय अडतं ते सांगते, म्हणजे तयारीत राहशील. २०२४-२५ पासून फॉर्म नव्या रूपात आला आणि आता आई किंवा वडील, ज्यांची माहिती लागते, त्यांचं स्वतःचं वेगळं खातं लागतं. आयआरएसकडून, म्हणजे टॅक्स खात्याकडून, माहिती घ्यायला त्यांनी संमती द्यावी लागते, टॅक्स भरला नसला तरी. संमती नाही तर पेल ग्रँट, म्हणजे परत न करायची सरकारी मदत, नाही. आईकडे फोन असतो, पण कोड येतो जुन्या नंबरावर. मुलगी इंग्रजीतून स्पॅनिशमध्ये सांगत असते आणि ‘काँट्रिब्युटर’ (फॉर्मवर माहिती देणारा) या शब्दापाशी अडखळते, कारण आईला वाटतं इथे सही केली की फी आपल्या गळ्यात पडली. तिथे थांब. संमती कसली आणि कसली नाही, हे आईला तिच्या भाषेत सांगणारं माणूस त्या खोलीत हवंच. आईवडील वेगळे राहत असतील तर गेल्या बारा महिन्यांत मुलाला जास्त आर्थिक आधार कोणी दिला, हा प्रश्न येतो, आणि तो आठ जणांसमोर विचारायचा नसतो. एक कोपरा रिकामा ठेव. पालकाकडे सोशल सिक्युरिटी नंबर नसेल तरी मूल नागरिक असल्यास अर्ज करता येतो, पण घरची माहिती सरकारला द्यायची की नाही हा निर्णय त्या घराचा. तू धोका आणि फायदा दोन्ही सांग आणि गप्प बस.

आणि हो, मुलाचा शाळेचा ईमेल कुठल्याही फॉर्मवर घालू देऊ नकोस. शाळा सुटली की तो बंद होतो, आणि कॉलेजची सगळी पत्रं त्या बंद पेटीत पडत राहतात.

मार्चमध्ये अवॉर्ड लेटर, म्हणजे किती मदत मिळणार हे सांगणारी कॉलेजांची पत्रं, यायला लागतील. २०२२ साली जीएओने, म्हणजे काँग्रेसच्या लेखापरीक्षण संस्थेने, पाहणी केली तेव्हा सुमारे ९१ टक्के कॉलेजांच्या पत्रांत खरा खर्च एक तर दिलेलाच नव्हता किंवा कमी करून दाखवला होता. समज, एका पत्रात वर्षाचा खर्च ३२,००० डॉलर आहे. खाली ‘तुमची मदत’ म्हणून रांग येते: पेल ग्रँट ७,३९५, कॉलेजची ग्रँट ९,०००, फेडरल लोन ५,५००, वर्क-स्टडी २,५००, पॅरेंट प्लस लोन ७,६०५. बेरीज बरोबर ३२,०००, शिल्लक शून्य. मूल नाचत तुझ्याकडे येतं. तू पेन्सिल घे आणि पहिल्या दोन ओळींखाली रेघ मार. १६,३९५ डॉलर खरंच मिळाले. वर्क-स्टडी म्हणजे नोकरी मिळाली आणि तितके तास केले तर हातात येणारा पगार. फेडरल लोन मुलाच्या डोक्यावर, आणि पॅरेंट प्लस लोन आईच्या, जिने अजून अर्जही केलेला नाही. हे रेघ मारणं मुलाला स्वतः करू दे. तीन पत्रं शेजारी ठेवली की ती आपोआप बोलू लागतात, आणि पुष्कळदा मोठ्या नावाचं कॉलेज स्वस्त निघतं, कारण त्यांच्याकडे ग्रँटला पैसा असतो. उलटही होतं. भरीला पडून कोणाला महागड्या कॉलेजात ढकलू नकोस. भिंतीवर लावायच्या कॉलेजांच्या झेंड्यांसाठी मुलांनी कर्ज काढायचं नसतं.

समरबद्दल थोडक्यात. सहा आठवडे डॉर्मवर राहणं हा वर्गापेक्षा मोठा धडा आहे. शिकवायला प्रोफेसर मिळाले तर उत्तम, पण मुलांबरोबर राहायला आपल्याच कार्यक्रमातून कॉलेजात गेलेली मुलं घे. मुलांना द्यायच्या स्टायपेंडची मर्यादा उन्हाळ्यात महिना ६० डॉलर आहे. फास्ट फूडच्या दुकानात मूल तेवढे एका दिवसात कमावतं आणि त्यातले घरी देतं. तेव्हा ‘समरला येत नाही, म्हणजे गांभीर्य नाही’ असा निष्कर्ष काढायच्या आधी घरी फोन कर. वर्क-स्टडीच्या जागेवर महिना ३०० पर्यंत देता येतात, त्या जागा अशा मुलांसाठी राखून ठेव.

आता ऑगस्ट. प्रवेश मिळाला, मदत मिळाली, हायस्कूलचं ग्रॅज्युएशन झालं, फोटो निघाले, आणि तरी काही मुलं सप्टेंबरात कॉलेजात पोचतच नाहीत. याला समर मेल्ट म्हणतात. बेन कॅसलमन आणि लिंडसे पेज या संशोधकांनी यावर बरंच काम केलंय. त्यांच्या अंदाजाने कॉलेजला जायचं ठरवलेल्यांपैकी दहा ते वीस टक्के असे गळतात, आणि कमी उत्पन्नाच्या मुलांत प्रमाण आणखी वाढतं. कारणं ऐकून हसू येईल इतकी किरकोळ असतात. हाऊसिंगचं डिपॉझिट भरायचं राहिलं. लसीकरणाचा कागद नाही म्हणून रजिस्ट्रेशन अडलं. मदतीच्या अर्जाच्या पडताळणीसाठी पुन्हा कागद मागितले आणि मुलाला वाटलं मदत रद्द झाली. मेडिकेड हा सरकारी विमा असतानाही कॉलेजने आपला आरोग्यविमा बिलात घातला, तो नको म्हणून सांगायचा फॉर्म भरायची तारीख निघून गेली, आणि दोन-तीन हजारांचं बिल बघून वडील म्हणाले, राहू दे. शाळेच्या लेखी मूल सुटलं, कॉलेजच्या लेखी अजून आलं नाही. त्या मधल्या वेळात त्याचं नाव फक्त तुझ्या वहीत असतं. कर्मचाऱ्यांच्या रजा जुलैच्या शेवटी देऊ नकोस, हे ऐकायला कठोर वाटेल, पण देऊ नकोस.

अहवालाचं काम तुला कंटाळवाणं वाटणार. वाटू दे, पण वेळेवर कर. आधीच्या कामगिरीचे १५ पर्यंत गुण पुढच्या अर्जात मिळतात आणि तेवढ्यावर कार्यक्रमाची ग्रँट राहते किंवा जाते. शिवाय डिग्री पुरी होते का, हे सहा वर्षांपर्यंत दाखवायचं असतं. म्हणजे मुलाचा फोन नंबर बदलला की तुला कळायला हवं. नियमावलीतलं फाँट आणि ओळींमधलं अंतरसुद्धा गांभीर्याने घे. २०१७ साली डझनावारी अर्ज न वाचताच बाजूला काढले गेले, कुठे तक्त्यातल्या ओळी जवळ होत्या, कुठे बजेटात किरकोळ चूक. काँग्रेसच्या दोन्ही बाजूंच्या सदस्यांनी आवाज उठवला तेव्हा ते वाचायला घेतले. दर वेळी तसं होईल या भरवशावर राहू नकोस. २०२६ च्या अर्थसंकल्पाच्या प्रस्तावात तर अपवर्ड बाउंड ज्यांत येतो त्या सगळ्या ट्रिओ कार्यक्रमांवरच काट मारली होती.

एक आपल्या लोकांविषयी. तू काय काम करतेस हे महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात सांगितलंस की कोणीतरी म्हणेलच, आम्ही दोन बॅगा घेऊन आलो, आम्हाला कोणी मदत केली? वाद घालू नकोस. पण मुलांसमोर ती दोन बॅगांची गोष्ट तूही सांगू नकोस. त्या बॅगांबरोबर आपल्यापैकी बहुतेकांकडे डिग्री होती, आणि घरात कोणीतरी आधीच कॉलेजात गेलेलं होतं. मुलांना तो फरक लगेच कळतो, ती फक्त सभ्यपणाने ऐकून घेतात.

तुझ्या शाळांची यादी आणि सध्याच्या अकरावीच्या मुलांची, नावं वगळलेली, माहिती पाठव. कोणाला घेतलंय त्यापेक्षा कोणाला नाकारलंय, त्याचा तक्ता मला जास्त बघायचाय. फॅफ्साच्या पहिल्या संध्याकाळी भाषेची अडचण आली तर फोन कर. स्पॅनिश मला कामापुरतं येतं, हैतियन क्रिओलसाठी माझ्या ओळखीत एक बाई आहेत.

तुझी,
मावशी