स्टुडिओचा कॅमेरा स्टँड घसरला, दुकानदार हात वर करतोय

प्रश्न: अंधेरीत माझा छोटा स्टुडिओ आहे, हाताखाली एक मुलगा. फोर्टमधून ३८,००० रुपयांचा चाकांचा स्टुडिओ स्टँड घेतला. माहितीपत्रकात ‘१० किलो पेलतो’ असं छापलंय. दोन महिन्यांत खांबावरचा क्लॅम्प घसरला, आडव्या दांड्यासकट कॅमेरा आपटला, लेन्सचा माउंट तुटला. दुकानदार बिलावरची ओळ दाखवतो, ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’. पैसे मिळतील का? आणि नवा स्टँड घेताना काय बघू?

उत्तर: त्या ओळीला घाबरू नका. सदोष मालाची तक्रार तिने अडत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार करता येते.

खरी अडचण वेगळी आहे. धंद्यासाठी वस्तू घेणाऱ्याला कायदा ग्राहक मानत नाही, म्हणून समोरचा वकील आधी म्हणेल, स्टुडिओ हा धंदा, तुम्ही ग्राहकच नाही. स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू या अपवादातून सुटते आणि मदतीला एखादा माणूस असला तरी बिघडत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये लक्ष्मी इंजिनीअरिंगच्या निकालात हे स्पष्ट केलंय. मात्र बिलावर तुमचा जीएसटी क्रमांक असेल, तर खरेदी धंद्याची वाटू शकते, म्हणून त्याचा खुलासा तक्रारीतच करा.

दुसरा बचाव ‘जास्त वजन लादलं’ असा येईल. म्हणून कॅमेरा, लेन्स, बॅटरी, प्लेट एकत्र काट्यावर ठेवून आकड्यासह फोटो काढा. पण वजन तीन किलो भरलं म्हणून निर्धास्त होऊ नका. खांबाच्या माथ्यावर १० किलो पेलणारा स्टँड दांडा पूर्ण बाहेर काढल्यावर तेवढंच पेलेल असं नाही. वजन खांबापासून जितकं लांब, तितका क्लॅम्पवर पीळ जास्त. हा फरक माहितीपत्रकात लिहिलेला नसेल, तर पुरेशी सूचना न देणं हाच उत्पादकाचा दोष ठरू शकतो. मुद्दा इथेच लावून धरा.

स्टँड दुरुस्त करू नका, क्लॅम्पही बदलू नका. फेरफार दिसला की विक्रेत्याला पळवाट मिळते. शिवाय तक्रार ऐकणारा ग्राहक आयोग वस्तू प्रयोगशाळेत पाठवू शकतो. लेन्सचं नुकसान वॉरंटीभंगावर नव्हे, उत्पादनदोषावर मागा, कारण वॉरंटीभंगातून झालेलं नुकसान उत्पादन दायित्वात, म्हणजे सदोष वस्तूने झालेली हानी भरून देण्याच्या जबाबदारीत, धरत नाहीत. बुडालेल्या शूटचे पैसेही त्यात बसत नाहीत. उलट ते मागून ‘धंदा’ हा मुद्दा तुम्हीच समोरच्याच्या हातात द्याल.

उत्पादक आणि विक्रेता दोघांनाही पोचपावतीसह स्पीड पोस्टाने नोटीस पाठवा, १५ दिवस द्या. मग वांद्रे पूर्वेच्या मुंबई उपनगर जिल्हा ग्राहक आयोगात जा. तुम्ही काम करता तिथे तक्रार चालते, दुकान फोर्टात असलं तरी. किंमत पाच लाखांच्या आत असल्याने शुल्क नाही.

नवा स्टँड घेताना दांडा पूर्ण बाहेर असतानाची क्षमता बिलावर लिहून घ्या, मॉडेल आणि सिरीयल नंबरसह. तुमचाच कॅमेरा चढवून क्लॅम्प हळूहळू सैल करा. खांबातला प्रतिभार, म्हणजे कॅमेऱ्याचं वजन तोलणारं वजन, जुळत असेल तर कॅमेरा जागीच राहतो, नाहीतर सर्रकन खाली येतो किंवा वर उडतो. प्रत्येक चाकाला ब्रेक हवा. आणि कच्च्या चिठ्ठीवर हजार-दोन हजार सुटत असतील, तरी पक्कं बिलच घ्या.