८.२ सीजीपीएवर म्युनिक की आखन?

तू विचारलंस, ‘दादा, पुण्यातून मेकॅनिकल, सीजीपीए ८.२, जर्मनीतल्या टीयू म्युनिक किंवा आखनच्या तांत्रिक विद्यापीठात मास्टर्सला चान्स किती?’ चान्स आहे. पण तो कॅप राउंडच्या कटऑफसारखा मोजू नकोस. सीओईपी-व्हीजेटीआयच्या याद्या बघून आपल्या डोक्यात पक्कं बसतं, की अमुक मार्कांना अमुक कॉलेज. जर्मनीत आधी बघतात ते तू काय शिकलास ते.

मार्कांचं आधी उरकतो. इथे १ सर्वोत्तम आणि ४ म्हणजे जेमतेम पास. आपले मार्क जर्मन ग्रेडमध्ये बदलायच्या बव्हेरियन फॉर्म्युल्यात कमाल ग्रेडमधून तुझा ग्रेड वजा करायचा, त्याला कमाल आणि पासिंग यांच्यातल्या फरकाने भागायचं, ३ने गुणायचं आणि १ मिळवायचा. मार्कशीटवर पासिंग ४ असेल, तर तुझे १.९ होतात, ५ असेल तर २.१. म्हणून मार्कशीटच्या मागे छापलेला ग्रेडिंगचा तक्ता नीट वाच.

खरी चाळणी सिलॅबसची. आखन गणित, मेकॅनिक्स, थर्मोडायनॅमिक्स अशा विषयांत किती क्रेडिट हवेत ते आधीच जाहीर करतं. तिथे कमी पडलास, तर ९.५ सीजीपीएसुद्धा वाचवत नाही. नुसतं विषयाचं नाव जुळून भागत नाही. तुझ्या ‘हीट ट्रान्सफर’च्या पेपरात कुठली युनिट्स, किती तास, प्रॅक्टिकल किती, हे सगळं त्यांच्या मॉड्यूल हँडबुकशेजारी (कुठल्या विषयात काय शिकवतात त्याची पुस्तिका) ठेवून एका एक्सेलमध्ये मांड. दोन संध्याकाळी जातील, पण कुठल्याही कन्सल्टंटपेक्षा खरं उत्तर ती शीट देईल. (कन्सल्टंटला पैसे भरायच्या आधी ती करच, ही माझी कळकळीची विनंती.)

म्युनिकला पात्रता चाचणीची प्रक्रिया असते. त्यात ग्रेड आणि सिलॅबस यांच्याबरोबर मोटिव्हेशन लेटरलाही वजन आहे; काही कोर्सना निबंध किंवा मुलाखत. इंग्रजी कोर्सवर जगभरातून अर्ज येतात. जर्मन भाषा बी२-सी१ या वरच्या पातळ्यांपर्यंत नेलीस, तर जर्मन माध्यमाचे कितीतरी कोर्स खुले होतात, आणि पुढे नोकरीलाही तेच कामी येतं.

पैशांचं घरी आत्ताच बोल. म्युनिकने २०२४-२५च्या हिवाळी सेमिस्टरपासून युरोपबाहेरच्या नव्या विद्यार्थ्यांना फी लावली. मास्टर्सला सेमिस्टरला ४,००० किंवा ६,००० युरो. कार्ल्सरूह, श्टुटगार्टला १,५००. आखनला ट्यूशन फी नाही, फक्त सेमिस्टरची वर्गणी. शिवाय ब्लॉक्ड अकाउंट, म्हणजे राहण्याच्या खर्चाचे पैसे व्हिसासाठी आधीच भरून ठेवायचं खातं: सप्टेंबर २०२४पासून वर्षाला ११,९०४ युरो.

तुझ्या जागी मी आखन आणि म्युनिकबरोबर ब्राउनश्वाइग, हानोफर, ड्रेस्डेनलाही अर्ज टाकले असते. ही सगळी टीयू९ या नऊ जर्मन तांत्रिक विद्यापीठांच्या गटातलीच आहेत. नोव्हेंबर २०२२पासून एपीएस सर्टिफिकेटशिवाय (शिक्षणाची कागदपत्रं खरी असल्याचा दाखला) विद्यार्थी व्हिसाचा अर्ज घेत नाहीत आणि ते हातात यायला वेळ लागतो. तेव्हा ट्रान्स्क्रिप्टसाठी कॉलेजच्या ऑफिसात याच आठवड्यात अर्ज दे.