रॉड बांधायचा जोडधंदा: आधी टिपा बदला, मग ब्लँक मागवा

आरमोरीकडून विचारणा आली आहे. घरी धानाची शेती आहे, गरी टाकायचा नाद लहानपणापासूनचा, आणि आता मासेमारीचे रॉड स्वतः बांधून विकायचे आहेत. हाताशी ३० हजार रुपये आहेत. त्यातून धागा गुंडाळायचं मशीन आणि दहा कार्बन ब्लँक (म्हणजे रॉडचा नुसता दांडा, वर काहीच न बसवलेला) मागवू का?

भाऊ, मशीन नको आणि दहा ब्लँक तर मुळीच नकोत. धंदा जरूर करा, पण सुरुवात दुसऱ्या टोकाकडून करा. पवनीजवळ माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. रोवणीच्या दिवसांत जळालेल्या पंपांची रांग लागते, ती ओसरली की त्याच टेबलावर मी रॉड बांधतो. या कामाला नऊ वर्षं झाली. पहिली दोन वर्षं मी एकही रॉड विकला नाही, फक्त दुरुस्त्या केल्या. आज जे काही येतं ते त्या दुरुस्त्यांनी शिकवलं आहे.

आपल्या भागात रॉड मोडतो तो माशाने क्वचितच. गाडीच्या दारात सापडतो, एसटीत कुणाचा पाय पडतो, टीप तुटते. टीप म्हणजे टोकावरची कडी, जिच्यातून लाइन, म्हणजे गरीची दोरी, बाहेर पडते. तुटलेल्या टोकाची जाडी मोजायची, त्या मापाची टीप हॉट ग्लूने बसवायची. बाजारात टीपच्या नळीचं माप बहुतेक इंचाच्या ६४ व्या भागात सांगतात, म्हणजे ५ नंबरची टीप साधारण २ मिलिमीटरची. इथे इपॉक्सी, म्हणजे दोन भाग कालवून लावायचा पक्का गोंद, लावू नका. पुढे कधी टीप पुन्हा बदलायची झाली तर हॉट ग्लू नुसत्या उबेने सुटतो, इपॉक्सी सोडवताना ब्लँक भाजतो. दुसरं काम गाइड बदलण्याचं. गाइड म्हणजे रॉडवरच्या, लाइन ओवायच्या रिंगा. ‘वेणीची लाइन सारखी तुटते, लाइनच खराब आहे’ अशी तक्रार घेऊन माणूस येतो. कापसाचा बोळा प्रत्येक रिंगमधून फिरवा. जिथे तंतू अडकतात तिथे रिंगला तडा आहे, डोळ्यांना दिसो वा न दिसो.

एका टीपचे मी १५० रुपये घेतो. रक्कम लहान आहे, पण दहा कंपन्यांचे रॉड तुमच्या हातून उघडले जातात. कुणी गाइडचा पाय न घासता तसाच बांधलाय, कुणी इपॉक्सीचा गोळा करून ठेवलाय, कुणाचं हँडल आतून पोकळ आहे, हे सगळं तिथेच कळतं. शिवाय दुरुस्तीला आलेला माणूसच पुढे रॉड मागायला येतो.

आता बांधणीकडे येतो. साधनं म्हणून खोक्याला दोन व्ही आकाराच्या खाचा पाडा आणि धाग्याचं रीळ जाड पुस्तकाच्या पानांत दाबून ठेवा, ताण मिळतो. मी अजून असंच काम करतो. एकच गोष्ट विकत किंवा भंगारातून आणा: मायक्रोवेव्हची ताटली फिरवणारी मोटार. मिनिटाला पाच-सहा फेरे. २३० व्होल्टवर थेट चालणारीच घ्या; काही कमी व्होल्टच्या असतात, म्हणून मोटारीवर छापलेलं आधी वाचा. इपॉक्सी सुकेपर्यंत रॉड फिरवायला याहून चांगलं काही नाही.

गाइड कुठे बसवायचे, यावर बहुतेक नवे लोक घाई करतात, आणि रॉडचा जीव तिथेच असतो. ठोकताळा असा की जितके फूट लांबी त्याहून एक जास्त गाइड, टीप वेगळी. म्हणजे ७ फुटी रॉडला ८. पण ठोकताळ्यावर थांबू नका. सगळे गाइड आधी चिकटपट्टीने लावा, रीलमधून लाइन ओवा, टोकाला वजन बांधा आणि रॉड वाकवून भिंतीसमोर धरा. लाइनने ब्लँकच्या वाकाला अनुसरून गेलं पाहिजे. एखाद्या गाइडपाशी ती कोन करून मोडत असेल तर तो गाइड सरकवा, किंवा तिथे एक वाढवा. मी यात अख्खी संध्याकाळ घालवतो. स्पाइन शोधण्यावर, म्हणजे ब्लँक कोणत्या बाजूला आपोआप वळतो त्यावर, लोक फार वाद घालतात. माझं मत असं की मासा पकडताना त्याचा फरक जाणवत नाही. ब्लँकला नैसर्गिक बाक कुठे आहे ते पाहून रॉड सरळ दिसेल असे गाइड लावा.

गाइडच्या पायाचं टोक कानशीने उतरतं करा, धारदार राहू देऊ नका. नाहीतर धागा चढताना फट पडते आणि ती धार कार्बनमध्ये रुतते. पुढे रॉड नेमका तिथेच मोडतो. धागा पाच-सहा वेढे स्वतःवरूनच नेऊन अडकवायचा, उरलेलं टोक कापायचं, मग पायावर चढवत न्यायचं, आणि शेवटी दुहेरी धाग्याच्या फासातून टोक आत ओढून घ्यायचं. ताण इतकाच ठेवा की गुंडाळी पूर्ण झाल्यावरही अंगठ्याने गाइड केसभर सरकवता यावा. माझा हात तांब्याच्या तारेवर बसलेला होता, म्हणून पहिल्या गुंडाळ्या फार घट्ट झाल्या. तारेची सवय इथे उपयोगाची नाही. साधा नायलॉन धागा इपॉक्सीखाली पारदर्शक होतो आणि लाल रंग काळपट दिसू लागतो, त्यासाठी आधी कलर प्रिझर्व्हर लावतात.

इपॉक्सीने मला सगळ्यात जास्त त्रास दिला, आणि त्याचं कारण आपलं हवामान. बाटलीवरच्या सूचना आपल्या मे महिन्यासाठी लिहिलेल्या नसतात. पारा ४५ ला गेला की कालवलेलं मिश्रण वाटीत काही मिनिटांतच घट्ट होतं. म्हणून उन्हाळ्यात पहाटे पाचला काम करा आणि कालवून झाल्याबरोबर ते अॅल्युमिनियमच्या कागदावर पसरून ओता. पसरलं की त्याची उष्णता निघून जाते आणि हाताशी जास्त वेळ मिळतो. थंडीत ते मधासारखं जड होतं, तेव्हा बाटल्या कोमट पाण्यात ठेवा. पावसाळ्यात दमट हवेने वरचा थर दुधाळ आणि चिकट होतो. सततच्या पावसात मी फिनिशिंग करतच नाही. करावंच लागलं तर लाकडी पेटीत जुना पिवळा बल्ब लावून आधी पेटी तापवून घेतो.

दोन्ही भाग अगदी समान घ्या, एकास एक. मोजायला सिरिंज वापरता येते, पण औषधाच्या सिरिंजच्या रबराला सिलिकॉनचं वंगण असतं. ते इपॉक्सीत उतरलं की धाग्यावर माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात, आणि कितीही थर द्या, ते भरत नाहीत. वंगण नसलेली सिरिंज मिळते, ती घ्या. हवेचे बुडबुडे स्पिरिटच्या दिव्याच्या ज्योतीने दुरून घालवा. लायटरची काजळी बसते. दोन पातळ थर एका जाड थरापेक्षा कधीही बरे. आणि रात्री लाइट गेली तर मोटार थांबते, खाली थेंब लोंबतात. इन्व्हर्टर नसेल तर उठून दर थोड्या वेळाने हाताने अर्धा फेरा द्यायचा. पहिले दोन तास हे करावंच लागतं.

माझ्या हातून झालेली एक चूक सांगतो. चौथा रॉड मी विकला. रील सीटची, म्हणजे रील ज्यावर बसतं त्या भागाची, नळी ब्लँकपेक्षा मोठी होती, मी मधली सगळी जागा मास्किंग टेपने सलग भरली आणि वरून इपॉक्सी लावलं. एक पावसाळा गेला, टेप आतून ओली होऊन मऊ पडली, आणि मोठा कतला लागला त्याच वेळी रील त्या माणसाच्या हातात गोल फिरलं. मासा गेला. मी पैसे परत केले आणि तोच रॉड नव्याने बांधून दिला. तेव्हापासून टेपच्या तीन अरुंद कड्या, मधल्या मोकळ्या जागेत गच्च इपॉक्सी, खाली ब्लँकची चमक घासून काढलेली, आणि टेपची कड कुठेही उघडी नाही. पाच मिनिटांत सुकणारं इपॉक्सी या जागी वापरू नका, पाण्यात ते टिकत नाही.

बांबूचाही विचार करा. तुमच्या बाजूला तो भरपूर आहे. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत बांबू चिरून सहा त्रिकोणी पट्ट्या चिकटवलेले रॉड बनू लागले. पेनसिल्व्हेनियातला बंदुका बनवणारा सॅम्युएल फिलिप आणि मेन राज्यातला हिराम लिओनार्ड ही त्यातली जुनी नावं. त्यांचा बांबू भारतातून जायचा आणि ‘कलकत्ता केन’ म्हणून ओळखला जायचा. आपल्या डोंगरउतारावर वाढणारा भरीव बांबू त्याच जातीचा, डेन्ड्रोकॅलॅमस स्ट्रिक्टस. पुढे चीनच्या ग्वांगडोंगमधल्या टोंकिन बांबूने त्याची जागा घेतली, कारण त्याची पेरं लांब आणि बाहेरचे तंतू दाट. सहा पट्ट्यांचे दोन रॉड मी करून पाहिले. ते विकण्याजोगे नव्हते. पण भरीव बांबूची साधी काठी, टोकाला एक टीप आणि मुठीला दोरीची गुंडाळी, एवढी गरी मी पोरांसाठी करतो आणि ती चांगली जाते. बांबू निदान तीन वर्षांचा हवा. पावसाळ्यात तोडू नका, तेव्हाच्या बांबूत घुण लवकर लागतो. दिवाळीनंतर तोडून सावलीत उभा वाळवा, मग मंद आचेवर शेकून गाठी सरळ करा. तुमच्या गावातले बुरूड हे माझ्याहून चांगलं शिकवतील. त्यांना मजुरी द्या आणि शिका.

पैशाचं बोलू. माझ्या पहिल्या रॉडला १७ तास लागले, आता प्रत्यक्ष हाताचं काम सात तासांचं. सामान, कुरियर, वाया गेलेलं सामान, आणि तासाला दुकानात जितके सुटतात तितके पैसे, एवढं जोडून मी किंमत सांगतो. कारखान्याच्या स्वस्त रॉडशी तुम्ही भावात कधीच जुळू शकणार नाही. गिऱ्हाईक तुमच्याकडे येतो ते मापासाठी. डोंग्यात बसून मासे धरणाऱ्याला आखूड दांडा लागतो. मोटारसायकलवर नेणाऱ्याला दोन तुकड्यांचा. बेशरमाच्या झुडपांतून आणि कमळाच्या पानांतून मरळ ओढून काढणाऱ्याला साडेसहा-सात फुटी ताठ रॉड, आणि तळ्यावर रोहू-कतल्याची वाट पाहत बसणाऱ्याला नऊ-दहा फुटी मऊ. गिऱ्हाइकाच्या कोपरापासून मुठीपर्यंत माप घ्या, कागदावर लिहा, निम्मी रक्कम आगाऊ घ्या आणि त्या पैशातूनच त्याचा ब्लँक मागवा. साठा करू नका. प्रत्येक रॉडवर नंबर टाकून तो इपॉक्सीखाली झाका. पाठवताना पीव्हीसी पाइपमध्ये घालून दोन्ही टोकांना झाकणं लावा. उद्यम नोंदणी फुकट होते, ती करून घ्या.

तुमच्या ३० हजारांतून सध्या टिपा, दोन मापांचे गाइड, धागा, इपॉक्सी आणि एकच ग्लास फायबरचा ब्लँक घ्या, कारण नवशिक्याच्या चुका ग्लास सोसतो, कार्बन सोसत नाही. बाकीचे बँकेत असू द्या. तो रॉड एक हंगाम स्वतः वापरा.

गिऱ्हाईक रॉड नेताना ‘मासे कुठे धरू’ हेही विचारतो, त्याचं उत्तर नीट द्या. मालगुजारी तलाव, म्हणजे जुन्या मालगुजारांनी बांधलेले तलाव, बहुतेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्याने असतात. त्यात बीज सोडायला ढिवर बांधवांचा पैसा आणि मेहनत लागलेली असते. संस्थेला विचारल्याशिवाय कुणी गरी टाकू नये. नवेगाव-नागझिरा किंवा ताडोब्याच्या अभयारण्याच्या हद्दीत तर नाहीच. आणि पावसाळ्यात मरळीचा लाल पिलांचा थवा वर दिसला की खाली आईबाप राखणीला असतात. तिथे टाकलं की मासा हमखास लागतो, पण मागे उघडी पडलेली पिलं इतर मासे खाऊन टाकतात. मी त्यासाठी रॉड बांधून देत नाही, तसं स्पष्ट सांगतो.

कार्बनच्या प्रत्येक रॉडसोबत मी एक चिठ्ठी देतो, तीही तुम्ही द्या. कार्बनमधून वीज वाहते. आपल्याकडे तलावाच्या पाळीवरून आणि धानाच्या बांध्यांवरून ११ केव्हीच्या तारा गेलेल्या असतात. तारेखाली रॉड उभा धरायचा नाही, आणि आभाळ गडगडू लागलं की रॉड खाली ठेवून पाण्यापासून दूर, पक्क्या घरात जायचं. चिठ्ठी मराठीत, मोठ्या अक्षरांत, आणि पाइपच्या आत नको, झाकणावर बाहेरून चिकटवा.