ख्रिसमस आयलंडची सापसुरळी, सुरुवात इथून कर

अरे हिंदी महासागरातल्या या बेटावरच्या सापसुरळीच्या शेपटीचा निळा रंग आधी बाजूला ठेव, सगळे तिथेच अडकतात. क्रिप्टोब्लेफारस (हिच्या गटाचं शास्त्रीय नाव) म्हटलं की डोळे बघायचे, पापणी हलतच नाही, सापासारखं पारदर्शक आवरण असतं डोळ्यावर, ही खूण एकदा नजरेत बसली की गोंधळ होत नाही. दिवसा फिरते, ऊन खाते, बारीक किडे खाते, अंडी घालते, एवढं पटकन वाचून घे.

खरा वेळ दे तो ती जंगलातून नाहीशी झाली कशी त्याला. 1980 च्या दशकात बाहेरून वुल्फ स्नेक बेटावर आला, आपल्या कवड्याचाच जातभाई, आणि असल्या सापाची सवयच नसलेल्या या जीवांची संख्या धडाधड कोसळली. 2009 ला उरलेल्या थोड्या पकडून प्रजनन सुरू केलं म्हणून जात वाचली, 2010 नंतर जंगलात दिसलीच नाही!! माझा जीव आजही तुटतो हे वाचताना. नंतर बेटावरच कुंपणात सोडून पाहिल्या तर मोठ्या गोमींनी खाल्ल्या, म्हणून 2019 मध्ये हिंदी महासागरातल्याच कोकोस बेटांपैकी पुलू ब्लानवर सोडल्या, तिथे साप नाही. ते प्रकरण नीट वाच, मग बोलू.