रात्री अकराला उघडलेली शीट

प्रश्न : ताई, मी ३४ वर्षांची आहे. ११ वर्षं एकाच कंपनीत अकाउंट्स बघते. दरवर्षी एखादा कोर्स करते, कामात चूक ठेवत नाही. तरी टीम लीडचं पद माझ्यानंतर लागलेल्या सहकाऱ्याला मिळालं. साहेब म्हणाले, 'तुमचं काम चोख आहे, पण तुम्हाला माणसं सांभाळता येत नाहीत.' मी कधी कोणाशी भांडले नाही. उलट ज्युनिअरची शीट चुकली तर तिला न बोलता रात्री घरी बसून मीच नीट करते. माझा स्वभावच तसा. मुलाने भरलेलं दप्तरही तो झोपल्यावर पुन्हा भरते. आता मॅनेजमेंटचा कोर्स करू की नोकरीच बदलू?

उत्तर : तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा तुझ्या साहेबांचा राग आला. ११ वर्षांच्या कामाचा निकाल असा एका वाक्यात लावतात का? कुठे काय खटकलं, ते तरी सांगायचं. दुसऱ्यांदा वाचताना मात्र मी त्या शीटपाशी अडले.

घरातले झोपलेत. तू लॅपटॉप उघडतेस, चुकलेला फॉर्म्युला शोधतेस, दुरुस्त करून सेव्ह करतेस. सकाळी ती मुलगी शीट बघते. बेरीज जुळलेली! तिला वाटतं, आपलं बरोबरच होतं. पुढच्या महिन्यात ती तीच चूक तितक्याच विश्वासाने करणार आणि तू पुन्हा जागणार. यात तुझा चांगुलपणा आहेच. पण भीतीही आहे. तिला वाईट वाटलं तर? आणि तिला खरंच जमायला लागलं, तर माझी गरज काय उरली?

हे लागेल, पण मी स्वतःवरून सांगते. संपादनाचं काम करताना एका नव्या मुलीचे लेख मी वर्षभर गुपचूप पुन्हा लिहून काढले. लेख छान दिसायचे. नोकरी सोडताना ती म्हणाली, "माझं काय चुकायचं ते तुम्ही मला कधी सांगितलंच नाहीत." आजही ते आठवलं की पोटात तुटतं.

अर्थात, चूक सांगितली की माणूस सुधारतोच असंही नाही. अव्राहम क्लूगर आणि अँजेलो डेनिसी या संशोधकांनी १९९६ साली कामावरच्या अभिप्रायांचे आधी झालेले कितीतरी अभ्यास एकत्र तपासले. सरासरीने काम सुधारलं होतं, पण एक तृतीयांशाहून जास्त वेळा ते उलट बिघडलं होतं. त्यांचं म्हणणं असं, की ऐकणाऱ्याचं लक्ष कामावरून उडून 'म्हणजे मी कशी आहे?' याकडे गेलं, की अभिप्रायाचा उपयोग कमी होत जातो. साहेबांच्या त्या वाक्याने तुझं नेमकं हेच झालंय. ज्युनिअरशी बोलताना तू ते टाळ. 'तुझं लक्षच नसतं' असं म्हणू नकोस. 'ही रेंज एक ओळ आधीच संपतेय, बघ बरं' एवढंच म्हण, आणि कीबोर्ड तिच्याच हातात राहू दे. तुला सगळ्यात जड जाईल ते हेच. ती सावकाश करेल, तुझी बोटं शिवशिवतील. तरी थांब.

कोर्स आत्ता नको. एकटीने अभ्यास करून पास होणं तुला येतंच, म्हणून तू पुन्हा तिकडे वळते आहेस. हे शिकायला समोर दुसरं माणूस लागतं. नोकरीचं म्हणशील तर आधी साहेबांना शांतपणे विचार, 'गेल्या सहा महिन्यांतले दोन प्रसंग सांगाल का?' नीट सांगितले तर लिहून घे, तिथल्या तिथे बाजू मांडू नकोस. एकही सांगता आला नाही, तर मात्र बाहेर अर्ज करायला लाग. तिथे उगाच झिजू नकोस.

आणि ते दप्तर. पत्रात तू ते सहज लिहून गेलीस, पण मी सुरुवात तिथूनच करायला सांगेन. ऑफिसपेक्षा ते सोपं आहे, आणि सवय तीच आहे. आज रात्री ते उघडू नकोस. उद्या त्याची एखादी वही घरी राहिली, तर राहू दे.